चार चिंचोके आणि अपेक्षित मूल्य: सरासरी दान कसं काढायचं, पायरी पायरीने

मे महिन्यात गावी गेलं की दुपारी आमच्याकडे एकच उद्योग असतो, ओसरीवर खडूने पाच बाय पाचचा पट आखायचा आणि चार चिंचोके घेऊन चल्लस-आठ खेळायचं. कुणी अष्टाचंग म्हणतं, कर्नाटकच्या बाजूला चौकाबारा म्हणतात, नियम घराघरात थोडे बदलतात पण खेळ तोच. यंदा माझी भाची सोबत होती, बारावीला आहे, नीटची तयारी करतेय, खेळता खेळता मधेच थांबली आणि म्हणाली, "मामा, एका फेकीत आपण सरासरी किती घरं पुढे जातो?" आणि मी काही बोलायच्या आत तिने उत्तर पण काढलं, दानं पाच आहेत, १, २, ३, ४ आणि ८, बेरीज १८, भागिले ५, म्हणजे ३.६.

हे उत्तर चुकीचं आहे. पण चूक अगदी शिकण्यासारखी आहे, कारण अपेक्षित मूल्य, म्हणजे लांबच्या पल्ल्याची सरासरी, शिकताना दहातली आठ मुलं नेमकी इथेच अडकतात, सूत्र पाठ असतं, फळा भरून उदाहरणं सोडवलेली असतात, आणि तरी समोर साधा खेळ आला की "किती दानं आहेत" तेवढंच मोजतात. मी बरीच वर्षं अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवतोय, म्हणून म्हटलं हे एकदा नीट, सगळ्या पायऱ्यांसकट, हातात चिंचोके घेऊन लिहून काढू. तुम्ही पण चार चिंचोके घ्या, नसतील तर रुपयाची चार नाणी घ्या, वही-पेन घ्या आणि वाचता वाचता करत जा, नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही.

आधी नियम ठरवा

चिंचोका दगडी पायरीवर एका बाजूने घासला की ती बाजू सपाट आणि पांढरी होते, दुसरी बाजू तपकिरी फुगीरच राहते. पांढरी बाजू वर आली तर तो उताणा, तपकिरी वर आली तर पालथा. चारही चिंचोके ओंजळीत खुळखुळवून टाकायचे. जितके उताणे तितकं दान, म्हणजे एक उताणा तर १, दोन तर २, तीन तर ३, चारही उताणे तर ४. आणि चारही पालथे पडले तर शून्य नाही, ८. शिवाय ४ किंवा ८ पडलं की अजून एकदा टाकायला मिळतं, पण हा शेवटचा नियम सध्या बाजूला ठेवू, त्याचं गणित मजेशीर आहे, नंतर घेऊ.

नियम कागदावर लिहून काढा असं मी मुद्दाम सांगतोय. परीक्षेतल्या उदाहरणात ते छापलेले असतात, खऱ्या खेळात ते लोकांच्या तोंडात असतात आणि अर्ध्या वेळा दोघांच्या डोक्यात दोन वेगळे नियम असतात, मग गणित बरोबर येऊनही उत्तर चुकतं.

पहिली पायरी: सरासरी कशाची हवी आहे ते एका वाक्यात लिहा

आपलं वाक्य: "एका फेकीत पडणाऱ्या दानाची सरासरी." बस. पाठ्यपुस्तकात ह्याला यादृच्छिक चल म्हणतात, नाव भारदस्त आहे पण अर्थ एवढाच की प्रयोग केल्यावर जो आकडा तुमच्या हातात येतो तो. इथे तो आकडा म्हणजे दान. उद्या पैशाचा खेळ असेल तर तो आकडा म्हणजे खिशात आलेले किंवा खिशातून गेलेले रुपये असेल, परीक्षा असेल तर मार्क. हे वाक्य लिहिलं नाही तर पुढे कशाला कशाने गुणायचं ह्याचा गोंधळ होतो.

दुसरी पायरी: सगळ्या तऱ्हा मोजा, दानं नाही

इथे वेळ काढायचा, कारण सगळा खेळ ह्या पायरीत आहे.

मी भाचीला चारही चिंचोक्यांवर बॉलपेनने टिंबं काढायला लावली, एकावर एक टिंब, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर चार. टिंबं काढल्यावर चार चिंचोके हे चार वेगळे चिंचोके झाले, आणि मग तिला म्हटलं आता सांग, "एक पडलं" म्हणजे नक्की काय झालं? ती म्हणाली एक उताणा. कोणता एक? पहिला उताणा आणि बाकी तीन पालथे असं असू शकतं, किंवा दुसरा, किंवा तिसरा, किंवा चौथा. म्हणजे १ हे दान चार तऱ्हांनी पडतं.

आता २ बघा. कोणते दोन उताणे? पहिला-दुसरा, पहिला-तिसरा, पहिला-चौथा, दुसरा-तिसरा, दुसरा-चौथा, तिसरा-चौथा. सहा तऱ्हा. ३ म्हणजे एकच पालथा, तो चारपैकी कोणताही, म्हणून चार तऱ्हा. चारही उताणे पडायची तऱ्हा एकच. चारही पालथे, म्हणजे ८, त्याची पण तऱ्हा एकच.

बेरीज करा: ४ + ६ + ४ + १ + १ = १६. आणि ही बेरीज बरोबर आहे का ते दुसऱ्या वाटेने तपासता येतं, प्रत्येक चिंचोक्याला दोन शक्यता, चार चिंचोके, म्हणून २ × २ × २ × २ = १६. दोन्ही वाटांनी १६ आलं म्हणजे एकही तऱ्हा सुटली नाही आणि एकही दोनदा मोजली गेली नाही. दहावीच्या पुस्तकात ह्याच १६ च्या यादीला नमुना अवकाश म्हणतात.

भाचीचं ३.६ का चुकलं ते आता दिसतं. तिने ८ ला आणि २ ला सारखंच वजन दिलं, दोघांना पाचातला एक वाटा. पण २ सोळातून सहा वेळा पडतं आणि ८ सोळातून एकदा. पटावर पाच दानं दिसतात म्हणून ती सारख्या वेळा पडतात असं नाही, आणि हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती खरं तर, आठ पडावं म्हणून ती अर्धा तास चिंचोक्यांना फुंकर मारत बसली होती.

तिसरी पायरी: प्रत्येक दानाची संभाव्यता

सध्या धरून चालू की चिंचोका उताणा किंवा पालथा पडायची शक्यता अगदी समसमान आहे, निम्मी-निम्मी. (हे खरंय का ते पुढे तपासणार आहोत.) तसं असेल तर सोळाही तऱ्हा सारख्याच शक्य, आणि प्रत्येक दानाची संभाव्यता म्हणजे त्याच्या तऱ्हा भागिले १६:

१ पडायची: ४/१६
२ पडायची: ६/१६
३ पडायची: ४/१६
४ पडायची: १/१६
८ पडायची: १/१६

बेरीज १६/१६ म्हणजे १ आली पाहिजे, आली. नाही आली तर पुढे जाऊच नका, मागे जाऊन सुटलेली तऱ्हा शोधा. आणि एक सवय लावून घ्या, अपूर्णांकांना लगेच संक्षिप्त रूप देऊ नका, ४/१६ ला ४/१६ च राहू द्या, १/४ केलंत की शेवटी पुन्हा छेद सारखे करत बसावं लागतं.

चौथी पायरी: गुणा आणि बेरीज करा

प्रत्येक दानाला त्याच्या संभाव्यतेने गुणायचं:

१ × ४/१६ = ४/१६
२ × ६/१६ = १२/१६
३ × ४/१६ = १२/१६
४ × १/१६ = ४/१६
८ × १/१६ = ८/१६

बेरीज ४०/१६ = २.५. हे अपेक्षित मूल्य.

मोबाईलवर शीट उघडून करायचं असेल तर एका कॉलममध्ये दानं, शेजारच्या कॉलममध्ये संभाव्यता, आणि समप्रॉडक्ट नावाचा फॉर्म्युला दोन्ही कॉलमना लावा, गुणाकार आणि बेरीज एकदम होते. पण पहिल्या दोन-चार वेळा हातानेच करा.

आता "२.५ तर कधी पडतच नाही" हा प्रश्न दर वर्षी येतो, आणि बरोबर आहे, अडीच दान कुणालाच पडत नाही. अपेक्षित हा शब्द जरा फसवा आहे, त्याने असं वाटतं की पुढच्या फेकीत २.५ च्या जवळपास काहीतरी पडायला हवं. तसं नाही. २.५ म्हणजे खूप फेकी केल्या आणि सगळी दानं मिळून फेकींनी भागली तर जो आकडा स्थिरावतो तो. पुढच्या एका फेकीबद्दल तो काहीच वचन देत नाही. म्हणूनच तीन घरं पुढे बसलेली समोरच्याची सोंगटी मारायची असेल तेव्हा २.५ ह्या आकड्याचा काही उपयोग नाही, तेव्हा ३ पडायची संभाव्यता बघायची, ४/१६. सरासरी बघायची ती लांबच्या पल्ल्यासाठी, अजून वीस घरं बाकी आहेत तर साधारण किती फेकी लागतील असल्या प्रश्नासाठी.

एक शॉर्टकट, आणि तो का चालतो

सोळा तऱ्हा मांडायचा कंटाळा आला तर असं बघा. दान म्हणजे उताण्यांची संख्या, फक्त चारही पालथे असतील तेव्हा शून्याऐवजी ८. म्हणजे दानाचे दोन तुकडे करता येतात, पहिला तुकडा उताण्यांची संख्या, दुसरा तुकडा पालथ्यांचं आठाचं बक्षीस. एक चिंचोका सरासरी अर्धा उताणा, चार चिंचोके म्हणून २. बक्षीस ८, ते १/१६ वेळा, म्हणून ०.५. बेरीज २.५. तेच उत्तर, दोन ओळींत.

तुकड्यांची अपेक्षित मूल्यं वेगवेगळी काढून मिळवली की अख्ख्याचं अपेक्षित मूल्य मिळतं, आणि महत्त्वाचं म्हणजे तुकडे एकमेकांवर अवलंबून असले तरी हे चालतं. इथे ते अवलंबून आहेतच, बक्षीस मिळतं तेव्हा उताणे शून्यच असतात. तरी बेरीज बरोबर येते. गुणाकाराला मात्र हे लागू नाही, तिथे तुकडे स्वतंत्र असावे लागतात, हा फरक वहीत चौकट करून लिहून ठेवा.

४ किंवा ८ पडलं की परत टाकायचं, त्याचं काय?

आता बाजूला ठेवलेला नियम. पहिल्या नजरेला भीती वाटते, कारण परत टाकल्यावर परत ४ पडू शकतं, मग परत टाकायचं, परत ८, परत टाकायचं, हे संपतच नाही, सगळ्या तऱ्हा लिहायच्या कशा?

लिहायच्याच नाहीत. एका पाळीतली एकूण घरं सरासरी किती, ह्या आकड्याला म ठेवू. पाळीची पहिली फेक सरासरी २.५ देते. त्यानंतर १६ पैकी २ वेळा, म्हणजे १/८ वेळा, अजून एक संधी मिळते, आणि ती संधी म्हणजे काय तर अगदी नवी पाळीच, तिची पण सरासरी म च. म्हणून

म = २.५ + (१/८) × म

इकडचा म तिकडे नेला की म चा ७/८ भाग = २.५, म्हणून म = २०/७, साधारण २.८६. परत टाकायचा नियम ऐकायला केवढा मोठा वाटतो पण सरासरीत तो अर्ध्या घराची पण भर घालत नाही, ०.३६ ची घालतो. भाचीला हे पटेना, म्हणून तिने सलग चार पाळ्यांत आठ कितीदा आलं ते आठवायला सुरुवात केली, पण आपल्या लक्षात राहतात ते आठ पडल्याचे क्षण, दोन पडलेल्या पन्नास फेकी कोण लक्षात ठेवतं.

तुमच्या घरी लुडोतल्या तीन सहांसारखा नियम असेल, सलग तिसऱ्यांदा मोठं दान पडलं की सगळं फुकट, तर मात्र वरचं समीकरण चालत नाही, कारण मग दुसरी संधी ही पहिल्यासारखी नवीकोरी पाळी राहत नाही. "नवी पाळी जुन्यासारखीच आहे" हे खरं असेल तेव्हाच म स्वतःच्याच समीकरणात वापरायचा.

चिंचोका खरंच निम्मा-निम्मा पडतो का?

ही पायरी पुस्तकात नसते आणि मला सगळ्यात जवळची आहे. नाण्याचं निम्मं-निम्मं धरलं तर कुणी हरकत घेत नाही, पण चिंचोका एका बाजूने सपाट, एका बाजूने फुगीर, त्याने समसमान का पडावं? तेव्हा मोजूया.

आम्ही १०० फेकी केल्या, भाची टाकत होती, मी वहीत रेघा ओढत होतो, पाचवी रेघ आडवी. निकाल असा: चारही पालथे ३ वेळा, एक उताणा १५ वेळा, दोन उताणे ३४, तीन उताणे ३५, चारही उताणे १३ वेळा. एकूण दान धरलं तर २४ + १५ + ६८ + १०५ + ५२ = २६४. आमच्या हिशोबाने १०० फेकीत २५० यायला हवं होतं. आलं २६४. मग आपलं २.५ चुकलं का?

नुसत्या २६४ वरून सांगता येत नाही. एका फेकीतल्या दानाचं प्रमाण विचलन, म्हणजे दान सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे होतं त्याचं माप, काढलं (दानांच्या वर्गांची सरासरी ९ येते, त्यातून २.५ चा वर्ग ६.२५ वजा, उरले २.७५, त्याचं वर्गमूळ साधारण १.६६) तर १०० फेकींच्या बेरजेचं १६.६ येतं (१०० चं वर्गमूळ १०, म्हणून दहापट), म्हणजे चिंचोके अगदी समसमान असते तरी बेरीज २५० पासून दोन प्रमाण विचलनं इकडेतिकडे, २१७ ते २८३ मध्ये कुठेही आली असती तर नवल नव्हतं. २६४ त्यात आरामात बसतं.

पण त्याच वहीतून दुसरा आकडा काढा, एकूण उताणे किती. १५ + ६८ + १०५ + ५२ = २४०, चारशे चिंचोक्यांतून. समसमान असते तर २०० यायला हवे होते आणि प्रमाण विचलन फक्त १०. चाळीसचा फरक म्हणजे चार प्रमाण विचलनं, हे नशिबाने होणं फार दुर्मिळ. म्हणजे आमचे चिंचोके उताणे जास्त पडतात, साधारण १० पैकी ६ वेळा. एकाच वहीतला एक आकडा गप्प बसतो आणि दुसरा स्पष्ट बोलतो, तेव्हा काय मोजायचं हे आधी ठरवणं किती कामाचं आहे बघा.

मग ०.६ धरून पुन्हा. तऱ्हा तितक्याच, १, ४, ६, ४, १, पण आता सगळ्या सारख्या शक्य नाहीत, प्रत्येक उताण्यासाठी ०.६ ने आणि पालथ्यासाठी ०.४ ने गुणायचं:

८ (चारही पालथे): ०.४ चा चौथा घात = ०.०२५६
१: ४ × ०.६ × ०.०६४ = ०.१५३६
२: ६ × ०.३६ × ०.१६ = ०.३४५६
३: ४ × ०.२१६ × ०.४ = ०.३४५६
४: ०.६ चा चौथा घात = ०.१२९६

बेरीज १, ठीक. आता शॉर्टकट: ४ × ०.६ = २.४, अधिक ८ × ०.०२५६ = ०.२०४८, एकूण २.६०४८. शंभर फेकीत २६०, आमचे आले २६४. परत टाकायची शक्यता आता ०.१२९६ + ०.०२५६ = ०.१५५२, म्हणून पाळीची सरासरी २.६०४८ भागिले ०.८४४८, म्हणजे ३.०८. आणि आठ पडायची शक्यता समसमान चिंचोक्यात शंभरात सहाच्या आसपास होती ती अडीचवर आली, म्हणून तर फुंकर मारून उपयोग होत नव्हता.

पैसे आले की एक ओळ जास्त: स्वतःचा पैसा वजा करा

दानात कुणाच्या खिशाला हात लागत नाही. पैशाच्या खेळात मुलं हमखास एक गोष्ट विसरतात, आपण लावलेले पैसे. जत्रेत दिसणारा सहा चित्रांचा पट घ्या, तीन फासे, प्रत्येक फाशावर तीच सहा चित्रं. नेपाळात लंगूर बुर्जा म्हणून सहा फाशांनी खेळतात, ब्रिटिश खलाशांमध्ये तीन फाशांचा असाच खेळ होता. (आपल्याकडे पैसे लावून हे खेळणं १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात बसतं, इथे फक्त गणित बघतोय.) तुम्ही एका चित्रावर १० रुपये लावले, ते एका फाशावर आलं तर १० चा फायदा, दोनवर आलं तर २०, तिन्हीवर आलं तर ३०, एकावरही नाही आलं तर १० गेले.

खेळवणारा सांगतो ते ऐकायला फार सोपं असतं, तीन फासे, प्रत्येकावर सहात एक, म्हणजे सहात तीन, निम्मी संधी, वर डबल-तिबल बोनस. "सहात तीन" इथेच चूक आहे, कारण एकापेक्षा जास्त फाशांवर तेच चित्र आलेल्या तऱ्हा त्यात पुन्हा पुन्हा मोजल्या जातात. तऱ्हा लिहा, ६ × ६ × ६ = २१६. आपलं चित्र कुठेच नाही: ५ × ५ × ५ = १२५. नेमकं एकावर: ३ × २५ = ७५. दोनवर: ३ × ५ = १५. तिन्हीवर: १. बेरीज २१६. जिंकायच्या तऱ्हा ९१, म्हणजे ४२ टक्के, पन्नास नाही.

आता फायदा-तोटा: ७५ × १० + १५ × २० + १ × ३० − १२५ × १० = ७५० + ३०० + ३० − १२५० = −१७०. भागिले २१६, म्हणजे −०.७९. दर डावाला दहा रुपयांवर सरासरी ७९ पैसे जातात. तासाभरात साठ डाव झाले तर ४७ रुपये. कुणी एखादा तीनशे घेऊन पण उठेल, ते पण खरंच आहे, सरासरी ही पट मांडणाऱ्याची असते, तो रात्रभर बसलेला असतो.

लॉटरीत पण हातात पडणारी रक्कमच लिहायची. समजा १०० रुपयांची २०,००० तिकिटं आणि बक्षीस एकच, १० लाख. १० लाख भागिले २०,००० म्हणजे ५० असं मुलं लिहितात. पण लॉटरीच्या बक्षिसावर सरळ ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के सेस, मिळून ३१.२ टक्के, म्हणजे हातात ६,८८,०००. भागिले २०,००० म्हणजे ३४.४०. त्यातून तिकिटाचे १०० वजा, उरले −६५.६०.

डाव अर्धवट राहिला तर

हे सगळं गणित मुळात अर्धवट राहिलेल्या डावातून आलंय. १६५४ मध्ये फ्रान्समध्ये पास्काल आणि फर्मा ह्या दोन गणितज्ञांचा पत्रव्यवहार झाला, प्रश्न असा की दोन खेळाडूंनी प्रत्येकी ३२ सोन्याची नाणी लावली, आधी तीन फेऱ्या जिंकेल त्याला सगळी ६४, पण पहिला २ आणि दुसरा १ जिंकलेला असताना खेळ थांबवावा लागला. पैसे कसे वाटायचे? पास्कालचा विचार असा: अजून एक फेरी झाली असती तर पहिला जिंकून ६४ मिळवता, किंवा हरून २-२ बरोबरी होती आणि त्याचा वाटा ३२ राहता. निम्मी-निम्मी शक्यता, म्हणून ६४ ची निम्मी ३२ आणि ३२ ची निम्मी १६, एकूण ४८. दुसऱ्याला १६. तीन वर्षांनी, १६५७ मध्ये, हॉयगेन्स ह्या डच गणितज्ञाने ह्याच विचारावर छोटं पुस्तक छापलं. आमच्याकडे आईने जेवायला हाक मारली की पट तसाच सोडावा लागतो, तेव्हा मी मुलांना हाच प्रश्न घालतो, आत्ता वाटणी करायची तर कुणाला किती.

भाचीच्या कामाचं: निगेटिव्ह मार्किंग

नीटमध्ये बरोबर उत्तराला +४, चुकीला −१, पर्याय चार. काहीच येत नसताना ठोकून दिलं तर ४ × १/४ − १ × ३/४ = +०.२५. एक पर्याय नक्की चूक आहे हे कळत असेल तर तीनातून एक, ४/३ − २/३ = +०.६७. दोन पर्याय उडवता आले तर २ − ०.५ = +१.५. यूपीएससीच्या पूर्व परीक्षेत सामान्य अध्ययनाला प्रश्नाला २ गुण आणि चुकीला एक तृतीयांश कपात, तिथे आंधळेपणाने ठोकलं तर ०.५ − ०.५ = शून्य, पण एक पर्याय उडवला की +०.२२, दोन उडवले की +०.६७. एमएचटी-सीईटीत निगेटिव्ह नाही, तिथे प्रश्न कोरा सोडायचं कारणच नाही.

नीटचं +०.२५ बघून भाचीचा चेहरा खुलला, म्हणाली, "म्हणजे मामा, सगळेच ठोकायचे!" तिला म्हटलं थांब, वीस प्रश्न ठोकलेस तर सरासरी +५, पण वीसात तीन किंवा कमी बरोबर आले तर मार्क वजा होतात, आणि ते व्हायची शक्यता शंभरात बावीस-तेवीस आहे. चार बरोबर आले तर बरोबर शून्य, ती शक्यता अजून एकोणीस. म्हणजे शंभरातल्या चाळीसेक मुलांना ठोकून काहीच मिळत नाही किंवा नुकसान होतं, आणि परीक्षा तू एकदाच देणार आहेस, पट मांडून रात्रभर बसणार नाहीस. एक पर्याय उडवता येईल तिथे नक्की उत्तर दे, तिथे सरासरी पण दुपटीहून जास्त आहे आणि धोका पण कमी. अगदी काहीच येत नाही अशा प्रश्नाचं मात्र गणित +०.२५ च सांगतं, घ्यायचं की नाही ते तुझ्या जिगरीवर. आणि अजून एक, वरचं गणित "काहीच माहीत नाही" म्हणजे चारही पर्याय सारखेच शक्य असं धरून आहे. पेपर काढणारे मुद्दाम असा एक पर्याय ठेवतात जो अर्धवट अभ्यास केलेल्याला बरोबर वाटतो, तिथे तुझं "मला वाटतंय" हे चिंचोक्यासारखं एका बाजूला कललेलं असतं. ते पण मोजता येतं, सराव परीक्षेत ठोकलेल्या प्रश्नांवर खूण कर आणि दहा पेपरनंतर बघ त्यातले किती बरोबर आले. चारात एकापेक्षा कमी येत असतील तर तो आकडा वापर, १/४ नको.

ती आता पेपर सोडवताना समासात छोटा गोल काढते, गोल म्हणजे ठोकलं.

हाताला काम म्हणून एक उदाहरण देतो. सहा कवड्या, जितक्या उताण्या तितकं दान, सगळ्या पालथ्या पडल्या तर १२, परत टाकायचा नियम नाही, कवडी समसमान पडते असं धरा. दोन तुकड्यांच्या वाटेने करा आणि मग ६४ तऱ्हा मांडून पडताळा. ३.१८७५ आलं पाहिजे.